जुनी टाहो: आधी गाडीखाली जा, मग स्टिरिओ बदला

खटपट्या

आमच्याकडे २००५ची शेव्हरोले टाहो आहे. ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, चार गिअरची ऑटोमॅटिक, फोर-व्हील ड्राइव्ह. मुक्काम अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या उपनगरात, म्हणजे हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ. "हे धूड अजून ठेवलंयस?" असं मंडळात दरवर्षी कोणीतरी विचारतं आणि गणपतीच्या मिरवणुकीला ढोल-ताशे न्यायला हीच गाडी मागतं. मायलेज गॅलनला पंधरा मैल, आपल्या हिशेबात लिटरला साडेसहा किलोमीटरच्या आतबाहेर. त्याबद्दल सल्ले नकोत, घरात मुबलक मिळतात.

धागा काढायचं कारण असं की इथल्याच काही सभासदांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केले. जुनी मोठी एसयूव्ही स्वस्तात मिळाली, आता काय काय बदलू? आणि यादी बघावी तर पहिले एलईडी दिवे, मग टचस्क्रीन, मग पुढून गाडी दोन इंच उचलणं. ब्रेकच्या नळ्यांचा उल्लेख एकाच्याही यादीत नाही.

माझं म्हणणं एवढंच की या गाडीचं इंजिन सहसा तुम्हाला दगा देणार नाही. दगा देईल तो खालचा गंज. टाहोची २००० ते २००६ ही पिढी (जाणकार तिला जीएमटी-८०० म्हणतात) लोखंडी ब्लॉकच्या इंजिनाची आहे. चालता चालता चार सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवायची व्यवस्था टाहोत पुढच्या पिढीत, २००७पासून आली. आमच्या इंजिनात ती भानगड नाही. ऑइल बदला, कूलंट बदला, प्लग बदला, ते चालत राहतं. पण त्याच गाडीची चॅसी, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या, दाराखालचा पत्रा हे सगळं मीठ खातं. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना बॉनेट नंतर उघडा. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आधी खाली झोपा.

ब्रेकची मुख्य नळी ड्रायव्हरच्या बाजूच्या चॅसीच्या तुळईला धरून जाते. एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) ठोकळाही त्याच बाजूला, ड्रायव्हरच्या सीटखाली. नळी जिथे प्लास्टिकच्या क्लिपमध्ये धरलेली असते तिथे चिखल आणि मीठ साचून राहतं, आणि नळी बरोबर तिथेच फुटते. बाहेरून तांबूस दिसली तर घासून बघा. बोटाला पापुद्रे आले तर ती नळी संपली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने १९९९ ते २००३च्या सुमारे पन्नास लाख पिकअप आणि एसयूव्हींच्या याच विषयावरची चौकशी बंद केली. निष्कर्ष असा की हा निर्मितीतला दोष नाही, वयानुसार होणारी झीज आहे. मालकांनी गाडीखालचा भाग धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात. थोडक्यात, तुमचं तुम्ही बघा.

मी सगळ्या नळ्या तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या टाकल्या. ही नळी हाताने वळते, गंजत नाही आणि पार्टच्या दुकानात गुंडाळीवर मिळते. फ्लेअर, म्हणजे नळीच्या टोकाची पसरट कड, काढायचं हत्यार ऑटोझोन या दुकानसाखळीकडून अनामत भरून आणता येतं, परत केलं की पैसे परत. जुने नट साध्या फिक्स पान्याने फिरवायला गेलात तर कोपरे जातात. त्यापेक्षा नळी सरळ कापून टाका आणि नटावर सहा कोनी सॉकेट बसवा. एबीएसच्या ठोकळ्याला लागणारे नट वेगवेगळ्या मापांचे आहेत, जुना शेजारी ठेवूनच नवा घ्या. नळ्यांतली हवा काढायचा क्रम: मागचं उजवं चाक, मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. ब्रेक ऑइल डॉट-३.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. फोटो चढत नाहीयेत, संपादकांना कळवलंय.

निमूट वाचक

वाखू (वाचनखूण) साठवली. आमची गाडी टेक्ससची आहे, खाली एक ठिपका गंज नाही. पण डॅशबोर्ड उन्हाने तडकलाय. ज्याचं त्याचं हवामान.

डेट्रॉइटी

लेख चांगला आहे, पण ब्रेकच्या नळ्यांचं काम असं सरसकट घरी करा म्हणून सांगणं मला पटलेलं नाही. मी याच उद्योगात आहे. जोरात ब्रेक दाबला की नळीतला दाब हजार पीएसआयच्या वर जातो. फ्लेअर दुहेरीच हवी, म्हणजे कड दुमडून दोन थरांची. एकेरी फ्लेअर दिसायला तशीच दिसते, आज गळतही नाही, आणि नेमकी नको त्या दिवशी चिरते. गंजलेला तुकडा कापून मध्ये कॉम्प्रेशन फिटिंगने (नट आवळून बसणाऱ्या जोडाने) सांधा मारायचे व्हिडिओ बघून लोक तेही करतात. ते पाण्याच्या नळासाठी ठीक आहे.

दुसरं म्हणजे, एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर नुसतं पेडल मारून ती निघेलच असं नाही. स्कॅनरने आतले व्हॉल्व्ह आणि पंप चालवावे लागतात. साध्या वीस डॉलरच्या कोड-रीडरचं ते काम नाही.

खटपट्या

@डेट्रॉइटी, दुहेरी फ्लेअर आणि कॉम्प्रेशन फिटिंग या दोन्ही मुद्द्यांवर शंभर टक्के सहमत, ते मूळ लेखातच यायला हवं होतं. हवेबद्दल एक युक्ती आहे. ब्रेक ऑइलची टाकी कोरडी होऊ द्यायची नाही. पेडल थोडं दाबून काठीने तसंच अडकवून ठेवलं की मास्टर सिलिंडरची (पेडलमागच्या मुख्य पंपाची) वाट बंद होते आणि नळ्या उघड्या असताना वरचं ऑइल वाहून जात नाही, त्यामुळे ठोकळ्यात हवा कमी शिरते. तरीही पेडल मऊ लागलं तर गाडी ओढून गॅरेजमध्ये न्या आणि तेवढं स्कॅनरचं काम करून घ्या. चालवत नेऊ नका.

पण "घरी करूच नका" हे मान्य नाही. गॅरेजचा अंदाज गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो, म्हणून लोक काहीच करत नाहीत आणि तशीच गाडी पोरांना शाळेत सोडायला वापरतात. ओहायोत पेनसिल्व्हेनियासारखी वार्षिक सुरक्षा तपासणी नाही. इथे क्लीव्हलंडच्या आसपासच्या काउंट्यांत फक्त धुराची चाचणी होते. धूर स्वच्छ निघाला की ब्रेक आहेत का नाहीत हे कोणी विचारत नाही.

डेट्रॉइटी

यावर आपलं जमणार नाही, सोडून देऊ. पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा पाना हातात घेतलाय त्याने सुरुवात इथून करू नये, एवढं तरी ठळक अक्षरात लिही. आणि स्टँडबद्दल लिही.

खटपट्या

लिहितो. पहिलंच काम ब्रेकच्या नळ्यांचं करू नका. आधी पॅड-डिस्क बदला, ऑइल बदला, हात बसू द्या.

सव्वादोन टनांच्या वरची गाडी आहे. जॅक फक्त उचलण्यासाठी, तोलून धरायला स्टँड. स्टँड चॅसीच्या तुळईखालीच लावायचा, पत्र्याखाली नाही. काढलेली चाकं चॅसीखाली सरकवून ठेवा, स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर थांबते. २०२०मध्ये स्वस्तातले लाखो स्टँड परत बोलावले गेले होते, दातेरी पट्टी निसटत होती. जुने घरात पडले असतील तर त्यांचा नंबर त्या यादीत आहे का हे तपासून बघा. चाकांचे नट १४० फूट-पौंडांना, म्हणजे १९० न्यूटन-मीटरला आवळायचे. अंगाच्या जोरावर अंदाज नको.

सफारीवाला रत्नांग्री

खटपट्याभाऊ, तुमचं मीठ सरकार टाकतं, आमचं फुकट येतं, समुद्रावरून. माझी टाटाची २.२ डायकॉर (डिझेल) सफारी आहे. तुमच्या टाहोसारखंच सगळं: शिडीसारखी चॅसी, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे कॉइल स्प्रिंग. आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडी रॅम्पवर चढवून खाली जळकं ऑइल आणि डिझेल मारायची जुनी पद्धत आहे. मिस्त्री म्हणतो याच्याइतकं स्वस्त औषध नाही. तिकडे काय मारता?

अवांतर: आमच्याकडे पंधरा वर्षं झाली की आरटीओत फेरनोंदणी, तीही पाच वर्षांपुरती, आणि वर पर्यावरण कर. गाडी खालून खाल्लेली असेल तर तिथे अडकते. तुमच्यासारखी "धूर बघा आणि जा" अशी चैन नाही.

खटपट्या

जळकं ऑइल गंज रोखतं हे खरं, पण ते ठिबकून जमिनीत आणि विहिरीत जातं, आणि रबरी बुश त्याने फुगून मऊ पडतात. इकडे लॅनोलिनचे फवारे मिळतात, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. ती ओशट राहते, फटीत शिरते, वर्षातून एकदा थंडीच्या तोंडावर मारायची. तीही रबरावर मारायची नाही. वास आठवडाभर येतो, शेजारी विचारतात.

काळं रबरी अंडरकोटिंग मात्र गंज धरलेल्या गाडीवर कधीही मारून घेऊ नका. वरून चकाचक दिसतं, आतून पाणी कोंडून पत्रा जातो. जुनी गाडी विकायला काढणारे ते मुद्दाम मारतात. खालून नवीकोरी काळी दिसणारी वीस वर्षांची गाडी दिसली की मी तिथूनच परत फिरतो.

सफारीवाला रत्नांग्री

हे शेवटचं एकदम पटलं. इथेही पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या जुन्या गाड्या अशाच "डांबर फासून" येतात.

शंकेखोर

मी २००४ची घेतली आहे. स्टेअरिंग हळू वळवताना हातात 'टक्' असं जाणवतं, पार्किंगमध्ये जास्त. बॉलजॉइंट का? आणि थंड इंजिन सुरू केलं की टकटक येते, पाच-दहा मिनिटांत थांबते. मित्र म्हणतो इंजिन गेलं, विकून टाक.

खटपट्या

मित्राला गाडी विकू नकोस, तो ती दुरुस्त करून वापरेल.

स्टेअरिंगची टक् बहुधा मधल्या शाफ्टची. स्टेअरिंगच्या दांड्यापासून खाली गिअरबॉक्सपर्यंत जो एकात एक सरकणारा शाफ्ट जातो, त्यातलं ग्रीस सुकलं की तो असा ठोकतो. ग्रीस भरून काही महिने सुटका होते, नंतर पुन्हा सुरू. नवा शाफ्ट टाक, दोन बोल्टचं काम आहे. फक्त शाफ्ट सुटा असताना स्टेअरिंग फिरू द्यायचं नाही. चाकं सरळ ठेव आणि सीटबेल्टने स्टेअरिंग बांधून टाक. फिरलं तर एअरबॅगच्या वायरची गुंडाळी आत तुटते. तरी एकदा पुढची चाकं उचलून पिटमन आणि आयडलर आर्म (स्टेअरिंगचं वळण चाकांकडे नेणारे हात) हलवून बघ, फोर-व्हीलमध्ये ते लवकर झिजतात.

थंडीतली टकटक म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळकांड्याचा) तुटलेला बोल्ट, हा माझा पहिला संशय. हेड ॲल्युमिनियमचं, मॅनिफोल्ड लोखंडी, दोघांचं प्रसरण वेगवेगळं. वर्षानुवर्षं ओढाताण होऊन शेवटचा, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूचा बोल्ट मान टाकतो. गरम झालं की फट मिटते, आवाज बंद. आरसा आणि टॉर्च घेऊन बघ, बोल्टचं डोकं जागेवर नसेल तर तेच. तुटका बोल्ट बाहेर डोकावत असेल तर त्यावर नट वेल्ड करून निघतो. आतच राहिला असेल तर शेजारच्या भोकाचा आधार घेऊन मॅनिफोल्ड दाबून धरणाऱ्या पट्ट्या मिळतात. बोल्ट काढण्यापेक्षा मी ती पट्टी बरी म्हणेन.

सोल्डरताई

कोणीतरी मीटरचं लिहा म्हणून वाट बघत होते, शेवटी मीच लिहिते. २००३ ते २००६च्या गाड्यांत स्पीडोमीटरचा काटा मध्येच ऐंशीवर जाऊन बसतो किंवा ऑइलचा काटा शून्यावर पडतो. बहुतेक वेळा सेन्सर ठीक असतो. काट्यामागची छोटी स्टेपर मोटर खराब झालेली असते. एक्स-२७.१६८ या नावाने बदली मोटरी मिळतात, सगळ्या काट्यांचा संच घ्या. एक गेली की बाकीच्या रांगेत उभ्या असतातच.

मीटर बाहेर काढायला आधी हँडब्रेक लावा, स्टेअरिंग पूर्ण खाली करा आणि गिअरचा दांडा अगदी खालच्या गिअरपर्यंत ओढा, नाहीतर भोवतीची प्लास्टिकची चौकट निघत नाही. मग मीटरचे ७ मिमीचे स्क्रू. काटे काढण्याआधी इंजिन चालू ठेवून, आणि बंद करून, दोन्ही वेळचा फोटो काढा. काटा जुळवताना तोच आधार. काटा दोन बाजूंनी चमच्यांनी सारखा उचलायचा, वाकडा ओढला तर आतला दांडा मोडतो. प्रत्येक मोटरला चार पिना, सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने जुना डाग (सोल्डर) काढायचा. सोल्डरिंगची इस्त्री फार वेळ टेकवू नका, सर्किटच्या पट्टीवरचा तांब्याचा थर उचलला जातो.

यात गंमत अशी की मीटर तुमचंच राहतं, त्यामुळे ओडोमीटरचा आकडाही खरा राहतो. दुसऱ्या गाडीचं मीटर आणून लावलंत तर त्या गाडीचे मैल दिसतात, आणि ते विकताना कायद्याच्या अंगाने महागात पडू शकतं. उघडलंच आहे तर आतले बारीक बल्बही बदलून घ्या.

निमूट वाचक

ताई, तुम्ही दुसऱ्यांची मीटरं करून देता का? न्यू जर्सीत असाल तर पार्सल पाठवतो. सोबत चितळेंची बाकरवडी.

सोल्डरताई

बाकरवडी आधी, मीटर नंतर.

शंकेखोर

धन्यवाद सगळ्यांना. आता शोभेच्या वस्तूंचंही बोला की. माझा जीव टचस्क्रीन आणि एलईडीत अडकलाय. आणि पुढून उचलायचीही आहे.

खटपट्या

स्टिरिओ: या गाडीत इंडिकेटर आणि सीटबेल्टच्या घंटा स्टिरिओमधून वाजतात. मूळ स्टिरिओ काढून नुसता नवा लावला की त्या मुक्या होतात. गाडीच्या डेटा-वायरशी बोलणारा अडॅप्टर घ्यावा लागतो, त्यात छोटा स्पीकर असतो. त्याशिवाय घेऊ नकोस.

दिवे: हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब कोंबले की प्रकाश वाट्टेल तसा फाकतो, समोरच्याचे डोळे जातात आणि तुला स्वतःला लांबचं दिसत नाही. शिवाय ते इथे रस्त्यासाठी मान्य नाहीत. जुन्या गाडीत अंधार पडतो तो पिवळ्या पडलेल्या काचेमुळे. पाणी मारत ८००, मग १५००, मग २००० नंबरचा पॉलिशपेपर, त्यावर अतिनील किरण रोखणारा क्लिअर थर. तो थर दिला नाहीस तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा पिवळी. मग चांगल्या कंपनीचे नवे ९००६ आणि ९००५ बल्ब. एवढ्यावर रात्री गाडी चालवायची भीती जाते.

उचलणं: टॉर्शन बारचे बोल्ट आवळले की पुढचा भाग वर येतो, फुकटात. पण चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते, म्हणून खड्ड्यात गाडी आपटते. पुढच्या एक्सलचे सांधे जास्त कोनात चालतात आणि लवकर जातात. इंचभर ठीक. त्यापुढे जायचं तर शॉकअपही त्या उंचीचे घ्यावे लागतात, आणि काहीही केलंस तरी नंतर अलाइनमेंट करायचीच. माझ्या मते या गाडीला सगळ्यात जास्त फरक नव्या शॉकअपने पडतो, उंची न बदलता. तुझी वरच्या मॉडेलची असून मागे हवेचे शॉकअप असतील आणि साधे लावलेस, तर डॅशवर राइड कंट्रोलचा संदेश कायम दिसत राहतो. तो गप्प करायला जोडणीत रेझिस्टर लावायचे संच मिळतात.

पैसे उरलेच तर ट्रान्सफर केसकडे (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीकडे) बघ. ऑटो फोर-व्हीलच्या केसमध्ये आतला पंप हलून मागच्या झाकणाला घासतो, हळूहळू भोक पाडतो आणि तिथून ऑइल उडून जातं. जमिनीवर डाग पडत नाही, कारण गळती चालत्या गाडीत होते. इंजिन ऑइल बदलताना दर वेळी त्याची पातळीही बघायची. निळं ऑटो-ट्रॅक ऑइल, सुमारे दोन लिटर.

डेट्रॉइटी

यावेळी काही तक्रार नाही. एक भर: पुढच्या चाकाचं बेअरिंग-हब बदलताना एबीएस सेन्सर बसतो ती जागा घासून स्वच्छ करा. तिथे गंज चढला की सेन्सर वर उचलला जातो, सिग्नल मंद होतो आणि गाडी थांबता थांबता एबीएस उगाच चालू होतं, थांबायला जास्त अंतर लागतं. याच कारणासाठी २००५मध्ये मीठ वापरणाऱ्या राज्यांतल्या १९९९ ते २००२च्या गाड्या परत बोलावल्या होत्या.

शंकेखोर

शेवटची शंका. पी०३३२ कोड येतोय, चेक-इंजिनचा दिवा लागलाय. धुराच्या चाचणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.

खटपट्या

नॉक सेन्सर (इंजिनातले अवेळी स्फोट टिपणारा), मागचा. दोन्ही सेन्सर इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाच्या) खाली, इंजिनाच्या घळीत बसलेले आहेत. वरून पाणी झिरपून मागच्याच्या खड्ड्यात साचतं आणि तो गंजतो. इंजिनावर पाण्याचा फवारा मारून धुणाऱ्यांना हा हमखास भेटतो.

मॅनिफोल्ड उचलावं लागतं, पण ते प्लास्टिकचं आहे, हलकं आहे. आधी पेट्रोलचा दाब उतरव. दोन्ही सेन्सर, त्यांची वायर आणि मॅनिफोल्डची गास्केट एकदमच बदल. सेन्सर २० न्यूटन-मीटर. मागच्या सेन्सरभोवती सिलिकॉनचा छोटा बांध घाल, पाणी निसटायला एका बाजूला फट ठेव. मॅनिफोल्डचे बोल्ट दोन फेऱ्यांत, शेवटी फक्त १० न्यूटन-मीटर. तिथे जोर केलास तर आटे जातील.

कोड पुसल्यावर लगेच चाचणीला जाऊ नकोस. गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण व्हायला थोडे दिवस थंड इंजिनापासून शहरात आणि हायवेवर चालवावं लागतं, त्या अपुऱ्या असल्या तर तिथून परत पाठवतात. आणि सगळे पार्ट हातात आल्याशिवाय मॅनिफोल्ड उचलू नकोस. उचललंस की हेडच्या आठही तोंडांत स्वच्छ फडकी कोंब, आणि परत बसवताना ती मोजून काढ.